शंकासुराची एकुलती चावी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणतात. हे नाव मी ठेवलं, आणि माझ्या हातून झालेल्या मोजक्या चोख कामांत ते धरावं अशी माझी इच्छा आहे. दिसायला माणूस अगदी साधा. काटकुळा, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने जोडलेली, केस कायम नुकतेच उशीवरून उचललेले. पण शंका अशा काढील की समोरच्याने स्वतःचं नावसुद्धा एकदा तपासून घ्यावं.

आमचं काम म्हणजे कॉम्प्युटरची राखण. बऱ्याच हॉस्पिटलांतले तपासण्यांचे रिपोर्ट आमच्या यंत्रांमधून डॉक्टरांकडे जातात. ते भलत्याच्या हाती पडू नयेत आणि ज्याचे त्याला वेळेवर मिळावेत, एवढं आम्ही बघायचं. या वाक्याचा पहिला अर्धा शंकासुराचा आणि दुसरा माझा, अशी वाटणी आम्ही न बोलताच करून टाकली आहे. मधल्या 'आणि'वर रोज भांडणं होतात.

त्याच्या खोडी सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. कुलूप लावलं की ओढून बघणार, जिना उतरणार, पुन्हा वर येऊन ओढणार. पासवर्ड टाकताना डावा हात कीबोर्डवर छत्रीसारखा धरणार, मग खोलीत चिटपाखरू नसलं तरी चालेल. "अरे, एकटाच तर आहेस," मी एकदा दारातून म्हटलं. "मग आत्ता कोण बोललं?" तो म्हणाला.

आणि यंत्राला खरं सांगायचं नाही, हा तर त्याचा धर्मच. जन्मतारीख, पहिली शाळा, आवडता रंग, जिथे जे विचारतील तिथे ते खोटं. त्याचं म्हणणं असं की खरं उत्तर शेजाऱ्याला, मामाला, वर्गातल्या पोरांना, सगळ्यांना ठाऊक असतं, मग ते कुलूप कसलं? एकदा ऑफिसच्या प्रोग्रॅमने त्याचा वाढदिवस दाखवला म्हणून आम्ही केक आणला. त्याने मेणबत्त्या विझवल्या, केक कापला, दोन तुकडे स्वतः खाल्ले, एक आईसाठी बांधून घेतला. खरा वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. "तेव्हाच का नाही बोललास?" मी विचारलं. "बोललो असतो तर खरी तारीख विचारली असतीत," तो म्हणाला.

आमची खोली लांबट आहे. खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. टोकाला चहाचं यंत्र, आणि त्याच्याभोवती आमची सभा. सभेत मी, शंकासुर आणि तिसरा घिसाड्या. घिसाड्याचं नाव मात्र मी ठेवलेलं नाही, त्याने ते स्वकष्टाने मिळवलं आहे. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये भोक सापडलं आणि बनवणाऱ्यांनी दुरुस्ती पाठवली की ती त्याच क्षणी लावली पाहिजे, असं त्याचं मत.

"आधी बाजूच्या यंत्रावर लावून बघ," शंकासुर म्हणायचा. "चाललं तर मग खऱ्या यंत्रावर."

"तोवर चोर आत येऊन चहा पिऊन जातील. बैल गेला आणि झोपा केला, असं होईल तुझं!"

"आणि दुरुस्तीनेच यंत्र बंद पडलं तर? रोगापेक्षा इलाज भयंकर!"

मग दोघं माझ्याकडे बघायचे. मी सांगायचे की दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघंही माझ्यावर सारखेच चिडायचे.

माझं आणि शंकासुराचं वाजायचं ते सोयीवरून. दर महिन्याला सगळ्यांनी पासवर्ड बदलायचा असा त्याचा एक काळ हट्ट होता. मी म्हटलं, "लोक तो चिठ्ठीवर लिहितात आणि कीबोर्डखाली चिकटवतात."

"चिठ्ठ्या जप्त करू."

"मग हातावर लिहितील. हात जप्त करशील?"

यावर तो हसला नाही. तो थोडा वेळ खरंच विचार करत होता.

पण मला तो आवडतो तो एका वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे गेले तर त्याच्यावर अन्याय होईल. आमच्या हिशेब विभागात एक वयस्कर बाई आहेत. एकदा त्यांना साहेबांच्या नावाने खोटा निरोप आला, त्यांनी तो उघडला, आणि त्यांच्या यंत्रात नको ते शिरलं. सगळ्या मजल्यावर कुजबुज. बाई बाथरूममध्ये जाऊन रडत होत्या. घिसाड्या म्हणाला की अशा लोकांच्या हातात कॉम्प्युटर देऊच नये. तेव्हा शंकासुर असा भडकला की त्याचा चष्मा नाकावरून खाली आला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतोस का? तिने विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. राखण आपण केली नाही!" मग तो बाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला आणि चोराने किती हुशारी केली होती हे त्याने त्यांना इतकं रंगवून सांगितलं की शेवटी बाई डोळे पुसून म्हणाल्या, "मेला हुशारच होता हो!"

असा हा माणूस स्वतः मात्र कोणावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या सगळ्या यंत्रांच्या तोंडाशी एक यंत्र आहे, त्याला आम्ही फाटक म्हणतो. त्या फाटकाचं मुख्य खातं कोणाकडे असावं यावर आमचं सगळ्यात जुनं भांडण. नियमाप्रमाणे दोघांकडे हवं. त्यांतला दुसरा माणूस नोकरी सोडून गेला, आणि शंकासुराने पासवर्ड बदलला तो कोणालाच सांगितला नाही.

"दोघांना ठाऊक असलेलं गुपित म्हणजे बातमी," तो म्हणायचा.

"आणि उद्या तुला बसने उडवलं तर?"

"मी रस्ता बघून ओलांडतो."

मी साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले बघू. साहेबांचं 'बघू' म्हणजे काय ते साऱ्या ऑफिसला माहीत आहे.

बस काही आली नाही. त्याच्या पोटात दुखायला लागलं. नेहमीप्रमाणे त्याला त्या दुखण्याचीही शंका आली, हे खरं दुखणं की काल जास्त खाल्लं, आणि शंका फिटेपर्यंत अपेंडिक्स फुटलं. सकाळी आईने त्याला हॉस्पिटलात नेलं, आणि त्याला थिएटरात घेतलं त्याच सुमाराला बातमी आली की आमच्या फाटकाच्या प्रोग्रॅममध्ये मोठं भोक सापडलंय. जगभर चोरांनी दारं ठोठावायला सुरुवातही केली होती. दुरुस्ती आली होती. पण ती लावायची तर मुख्य खातं उघडायला हवं, आणि मुख्य खातं बेशुद्ध होतं.

साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. असं सहसा होत नाही. "चावी एकट्याकडे राहिलीच कशी?" ते म्हणाले. मी त्यांना त्यांच्या 'बघू'ची आठवण करून देणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. "दुपारपर्यंत उघडलं नाही तर फाटक बंद करा. रिपोर्ट कागदावर जाऊ देत. आणि त्याला म्हणावं, बरा झालास की घरीच राहा."

फाटक बंद म्हणजे सगळ्या हॉस्पिटलांत माणसं कागद घेऊन जिने चढणार, उतरणार. शंकासुर ज्या हॉस्पिटलात पडला होता, तेही आमचंच. पण खरं सांगू? मला त्या वेळी सगळ्यात आधी दिसली ती त्याची रिकामी खुर्ची. मी रोज त्या माणसाशी भांडते. त्याच्या जागी कोणी गोड बोलणारा आला तर मी काय करू?

पासवर्ड विसरला तर तो प्रोग्रॅम एक प्रश्न विचारतो. शंकासुराला असले प्रश्न मुळीच आवडत नाहीत, पण हा प्रोग्रॅम जुना, प्रश्न निवडल्याशिवाय पुढे जाऊच देत नसे. मी जाऊन बघते तर घिसाड्या आधीच तिथे बसलेला. प्रश्न होता, 'तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?' आणि या शहाण्याने मोत्या, टॉमी आणि वाघ्या टाकून पाहिले होते. खाली लाल अक्षरांत आलं होतं की आता एकदाच. ते चुकलं की खातं कायमचं बंद, आणि मग सगळं फाटक पायापासून नव्याने उभारायचं.

"अरे, तो खरं उत्तर देईल का?" मी ओरडले. "शंकासुर आहे तो! मोत्या काय, मोत्या!"

"मग खोटं काय दिलं असेल ते तू सांग," घिसाड्या रडवेला होऊन म्हणाला.

मी लॅपटॉप उचलला आणि हॉस्पिटल गाठलं. त्याची आई थिएटरबाहेरच्या बाकावर बसली होती. लहानशी बाई, पाठ ताठ, मुलाचा चिकटपट्टीवाला चष्मा दोन्ही हातांत धरलेला. आम्ही आधी कधी भेटलो नव्हतो.

"काकू, मी त्याच्या ऑफिसातून आलेय," मी म्हटलं.

"ओळखपत्र?"

मी दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे कोणीही छापून आणेल." आवाज बाईचा, पण बोलणं हुबेहूब त्याचं. "मला त्याने बजावून ठेवलंय. ऑफिसातून आलोय म्हणणाऱ्याला काही सांगायचं नाही. त्यातून घाई आहे म्हणाला, तर उठून चालायला लागायचं."

मी घाई आहे म्हणण्यासाठी तोंड उघडलंच होतं, ते मिटलं. मनात आलं, बरोबर आहे बाईंचं. चोर हेच करतो. आई काळजीत असते तेव्हा येतो, शेजारी बसतो, काकू म्हणतो.

"मग तुम्हीच सांगा, मी काय केलं म्हणजे पटेल?"

त्यांनी जरा विचार केला. "परवा तुमचं कशावरून वाजलं?"

"नर्सच्या कॉम्प्युटरवरून," मी म्हटलं. "तो म्हणतो, दोन मिनिटं हात लावला नाही की पडदा बंद झाला पाहिजे, पुन्हा पासवर्ड टाकायचा. काकू, त्या मुलीच्या हातात मोजे असतात! एका हातात सलाइन, समोर पेशंट कण्हतोय, आणि ही मोजे काढून पासवर्ड टाकणार? मी म्हटलं, तू एक दिवस वॉर्डात उभा राहून बघ. तर म्हणतो कसा, मग चोराने वॉर्डात उभं राहायचं का? असा राग आला मला! अति तेथे माती म्हणतात ते या माणसासाठीच—"

थिएटरच्या दारातल्या वॉर्डबॉयने मला हात करून गप्प केलं.

"बास," काकू म्हणाल्या. "पटलं. तूच ती सोयबाई."

"कोण?"

"घरी तो तुला सोयबाईच म्हणतो. रोज जेवताना तुझ्या नावाने बोटं मोडतो. ज्या दिवशी तुमचं भांडण होत नाही ना, त्या दिवशी त्याचं पानात लक्ष नसतं. बस इथे."

मी बसले. मला एकदम रडूच यायला लागलं होतं, पण वेळ नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, फाटकाचं, साहेबांचं, त्याच्या नोकरीचं. मग प्रश्न सांगितला.

"पाळीव प्राणी?" त्या म्हणाल्या. "आम्ही कधी काही पाळलंच नाही. दोन खोल्या, मी दिवसभर कामावर."

"तेच तर, काकू. त्याने काहीतरी खोटं सांगितलंय. स्वतःच्या कायम लक्षात राहील असं खोटं."

"माझा मुलगा खोटं बोलत नाही."

"माणसांशी नाही. यंत्राशी."

"यंत्राशीसुद्धा कशाला—" त्या म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. बंद दाराकडे बघत राहिल्या. मग हातातल्या चष्म्याकडे. "अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "अजून आहे होय तो?"

"कोण, काकू?"

"ते तुला काय करायचंय? आण तो कॉम्प्युटर इकडे. कुठे लिहायचं तेवढं दाखव, आणि तोंड तिकडे कर."

"काकू, मी त्याच—"

"तिकडे."

मी तिकडे तोंड केलं. समोर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. मागून टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. मी मान न वळवता म्हटलं, "काकू, एकदाच चालणार आहे. चुकलं तर सगळंच गेलं. खात्री आहे ना?"

"मी त्याची आई आहे," त्या म्हणाल्या, आणि दाबलं.

खातं उघडलं. त्यांनी काय लिहिलं होतं ते मला अजूनही माहीत नाही.

मी तिथूनच नवा पासवर्ड लावला आणि घिसाड्याला फोन करून सांगितला. त्याने दुरुस्ती लगेच लावली असेल असं कोणालाही वाटेल. "आधी बाजूच्या यंत्रावर लावतो," तो म्हणाला. "तो असता तर त्याने तसंच केलं असतं." सगळं नीट झालं. फाटक बंद करावं लागलं नाही. साहेब म्हणाले, चावी यापुढे दोघांकडे, आणि त्याच्या नोकरीचं बघू. या वेळी ते 'बघू' मला फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. शंकासुर उशीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक, नाकावर चष्मा. कसा आहेस, बरा आहेस, यातलं काही मला बोलूच दिलं नाही.

"उघडलं कोणी?"

"काकूंनी."

"शक्यच नाही," तो म्हणाला. "ते उत्तर आता जगात कोणालाच ठाऊक नाही. तो कुत्रा कधी नव्हताच. मी तो मनातल्या मनात—" आणि त्याने आईकडे पाहिलं.

काकू सफरचंदाची साल काढत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "तुला कुत्रा हवा होता. मी नाही म्हटलं. तू रडला नाहीस, हट्ट केला नाहीस. मग एकदा रस्त्यात तुझ्या शाळेतल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या कुत्र्याचा पाय बरा झाला का हो? आणि त्याचं नाव घेऊन विचारलं. मी म्हटलं, झाला की, आता पळतो चांगला."

शंकासुराने चष्मा नाकावर नीट बसवला.

"मला का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"काय बोलायचं? खरा आणता आला नाही. खोट्याला कशाला हाकलून देऊ?"

पण जात्याच शंकेखोर माणूस, त्याने विचारलंच. "कुठला पाय म्हणालीस?"

"मागचा. मागच्या पायाला लागलं होतं, असं म्हटलं मी."

"पुढचा, आई. मी बाईंना पुढचा सांगितला होता. वर्गात लंगडून दाखवलं होतं मी. पट्टी कशी बांधली तेसुद्धा दाखवलं होतं."

काकूंचा हात आता थांबला. "म्हणजे त्यांना कळलंच असणार तेव्हा."

"हो."

"तुला काही बोलल्या का?"

"नाही." त्याने चष्मा काढला. "मी शाळा सोडेपर्यंत विचारायच्या, कसा आहे रे तुझा कुत्रा? सगळ्या वर्गासमोर. आणि मी समजायचो, बाई किती भोळ्या आहेत. काहीही सांगा, खरं वाटतं यांना."

एवढं बोलून तो रडायला लागला, आणि टाके ताणले जातील म्हणून आईने त्याला रागावून गप्प केलं.